त्याग कोणाच्या ताटातून?

श्रियाळ राजा आणि राणी चांगुणा यांची कथा मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वाचली जाते. श्रीधरांनी १७१८ साली बारामतीत ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले आणि त्या पोथीतून ही कथा गावोगाव पोचली. अतिथीच्या रूपात आलेला शंकर नरमांस मागतो, तेही यजमानाच्या एकुलत्या एका मुलाचे. आईबाप चिलयाला मारून रांधतात, तरी पाहुण्याचे समाधान होत नाही. बाजूला ठेवलेले मस्तक चांगुणेने उखळात कांडावे आणि कांडताना डोळ्यांतून टिपूसही काढू नये, अशी त्याची अट असते. मूल देणे ही एक परीक्षा आणि देताना शांत राहणे ही तिच्याहून वरची. शेवटी शंकर प्रसन्न होतो, चांगुणेच्या हाकेसरशी चिलया धावत येतो आणि ऐकणारे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्या कोरड्या डोळ्यांचा प्रश्न मागे उरतोच. नुकसान सोसताना मन निश्चल ठेवणे हा मोठा गुण खरा. पण नुकसान दुसऱ्याचे असेल तर?

अशा वेळची शांती धर्माची मानता येत नाही, आणि धर्मकथा नीट वाचल्या तर त्याही ती तशी मानत नाहीत, असे मला वाटते. यावर पहिला आक्षेप गीतेच्या आधारे घेतला जाईल: सुखदुःखात, लाभहानीत सम राहणारा स्थितप्रज्ञ हाच आपला आदर्श नव्हे काय? आदर्श खराच. पण दुसऱ्या अध्यायातले हे समत्व माणसाने स्वतःच्या सुखदुःखाबाबत मिळवायचे आहे. सहाव्या अध्यायात त्याच गीतेने श्रेष्ठ योगी कोणाला म्हटले? जो इतरांचे सुखदुःख स्वतःच्या मापाने जाणतो त्याला. बाराव्या अध्यायातल्या भक्ताच्या लक्षणांत मैत्री आणि करुणा आधी येतात, समत्व त्यांच्या मागून येते. स्वतःच्या दुःखाने न ढळणारा माणूस दुसऱ्याच्या दुःखाने हलला पाहिजे, ही अपेक्षा गीतेतच आहे. पहिली अर्धी गोष्ट घेऊन दुसरी टाकली, तर उरतो तो निबरपणा.

उपनिषदातला नचिकेता या बाबतीत फार बोलका आहे. त्याचा बाप यज्ञात सर्वस्व दान करायला बसला आहे, पण देतो आहे चारापाणी संपलेल्या, दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई. देण्याचा सोहळा आहे आणि दात्याच्या खिशाला झळ नाही. मुलाला हे खटकते. मग मला कोणाला देणार, असे तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि संतापलेला बाप त्याला यमाला देऊन टाकतो. यमाकडे पहिला वर मागताना हा मुलगा काय मागतो? बापाचा राग शांत व्हावा. शांतीची गरज देणाऱ्या वडिलधाऱ्याला होती. दिला गेलेला पोर आधीच शांत होता. ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची कथा तर याहून स्पष्ट निवाडा देते. भुकेने गांजलेला अजीगर्त आपला मधला मुलगा यज्ञातल्या बळीसाठी शंभर गाईंना विकतो, त्याला यूपाला बांधण्याचे शंभर घेतो, कापायचे आणखी शंभर घ्यायला तयार होतो. मुलगा वाचतो. पुढे बाप त्याला परत मागतो, तेव्हा तो जात नाही. विश्वामित्राचा पुत्र होऊन राहतो. भूक हे अजीगर्ताचे कारण होते, हे कथाकाराने लपवलेले नाही. तरीही त्याने बापाला माफ केलेले नाही.

याच अंगाने ययातीकडे पाहिले, तर म्हातारपणाचा प्रश्न आपोआप समोर येतो. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेला राजा आपल्या पाच मुलांकडे तारुण्य मागतो. चौघे नाकारतात आणि शाप घेतात, पुरू होकार देतो. कीर्तनात पुरूची पितृभक्ती वर्णिली जाते. महाभारताने मात्र हजार वर्षे भोगूनही तृप्त न झाल्याची कबुली ययातीच्याच तोंडी घातली आहे, आणि तारुण्य परत करून, राज्य धाकट्याला देऊन त्याला वनात पाठवले आहे. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’ लिहिली, ती या मागणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवून. कोणी म्हणेल, पुरूने राजीखुशीने दिले, चिलयानेही पळून जायचे नाकारले, मग आक्षेप कसला? देणाऱ्याची खुशी ही देणाऱ्याची थोरवी. तिने मागणाऱ्याचा दोष धुतला जात नाही. आणि ज्याचे जेवणखाण, घरदार मागणाऱ्याच्या हाती आहे, त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणताना जपूनच बोलले पाहिजे.

ही चर्चा पोथीपुरती राहिली असती, तर एवढी तळमळ लागली नसती. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२ साली देशभर गेले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. मृत्यूंचा आकडा शंभरापलीकडे असल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. मूल मरते ते जुलाबाने, न्यूमोनियाने, गोवराने. पण त्याआधी त्याच्या अंगातली ताकद भुकेने काढून घेतलेली असते. आई स्वतःच कोवळ्या वयाची, रक्त कमी असलेली. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, अनेकदा आधीच उचल घेतलेली असते. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपत येते, आणि दवाखाना ओढ्यापलीकडे राहतो. २०१६मध्ये जव्हार-मोखाड्यातल्या अशाच मृत्यूंच्या बातम्या पुन्हा आल्या. मधली चोवीस वर्षे आपण सगळे पुरेसे शांत होतो.

इथे दुसरा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. या मुलांना कोणी देवापुढे ठेवले नव्हते, कोणाच्या हातात सुरी नव्हती. दारिद्र्य आणि रोग यांच्या मृत्यूला यज्ञकथांची मापे लावणे म्हणजे भावनेच्या भरात विचार सोडणे. मला उलटे वाटते. अजीगर्ताला निदान स्वतः बांधावे लागले, चांगुणेला स्वतः कांडावे लागले. आपला हात काय करतो आहे, हे त्यांना दिसत होते. वांगणीत हात विखुरले गेले, म्हणून कोणालाच डोळे कोरडे ठेवण्याची कसरत करावी लागली नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळेजवळ मध्य वैतरणेचे शंभर मीटरहून उंच धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते, तिथला उन्हाळा सुसह्य होतो, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याची वाट पाहतात. शहरांना पाणी लागते, हे मान्य. पण याला कोणी आदिवासींचा त्याग म्हणत असेल, तर तो शब्द त्यांच्या तोंडून आलेला नाही.

या कथा प्रतीकात्मक आहेत, मूल म्हणजे आसक्ती, असेही सांगितले जाते. असेल; पण ते प्रतीक भिडते, कारण मूल म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तर चिलया उठून आला पाहिजे, देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेल्या इब्राहिमच्या सुरीखाली मुलाच्या जागी मेंढा आला पाहिजे, याखेरीज सांगणाऱ्यांनाही राहवलेले नाही.

आणि महाराष्ट्राच्या लोकमनाने श्रियाळाची दुसरी कथाही जपली आहे. श्रावण शुद्ध षष्ठीला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ज्या शिराळशेटाची, म्हणजे श्रियाळशेटाची, मातीची मूर्ती करून पूजा होते, त्याने १३९६च्या सुमाराला सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात आपली कोठारे उघडून लोक जगवले, असे सांगतात. त्याबद्दल सुलतानाने त्याला औट घटकेचे राज्य दिले. या श्रियाळाला मुलाला हात लावावा लागला नाही. त्याने स्वतःचे धान्य दिले, तेही श्रावणात आठवावे असे. आणि जव्हारच्या पाड्यांवर धान्याची चणचण नेमकी श्रावणाच्या आसपासच असते. दोन्ही कथांत अतिथी भुकेलाच आहे. फरक आहे तो ताट कशाने भरले याचा.

म्हातारी माणसे स्वार्थी असतात, असे ययातीवरून कोणी ठरवू नये. कर्ते मुलगे-सुना भट्टीवर गेले की पाड्यावर मागे राहते ती आजी-आजोबांची पिढी, पुष्कळदा नातवंडांना सांभाळत. वारली घरांत नवे धान्य आधी देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. स्वतःच्या घासातून आधी दुसऱ्याला काढून देणे तिथे रीतीतच आहे. ययातीपण वयात नाही. मागितले की मिळते, अशा जागेवर बसलेल्याला ते जडते, मग तो तिशीतला असो की सत्तरीतला. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५मध्ये सुरू झाली, ती शिराळशेटाच्या वाटेवरची आहे. तिचे पैसे वेळेवर न पोचले, तर कोठाराला कुलूप लागते. अशा वेळी कोणी सबुरीचा सल्ला दिला, तर त्याच्या स्वतःच्या ताटातून काय कमी झाले, हे त्याला नचिकेत्याने बापाला विचारले तसे पुन्हा पुन्हा विचारले पाहिजे.