झाकलेले शस्त्र

स्वसंरक्षणाचा अधिकार माणसाला आहे, याविषयी आमच्या मनात कधीच शंका नव्हती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय न्याय संहिताही जुन्या दंडविधानाप्रमाणेच तो मान्य करते. मात्र बचावास अवश्य तेवढीच इजा करावी, अधिक नव्हे, असे बजावते. प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या संकटाचे नाव-गाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी अंगावर गुप्तपणे शस्त्र बाळगून रोज चार लोकांत वावरावे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो अगदी व्यावहारिक रूपात. येथे अण्णा नगरात आमचे एक शेजारी आहेत, मूळचे वऱ्हाडातले. मोजणीच्या कामासाठी त्यांना वर्षातून अनेकदा निलगिरीच्या डोंगरात जावे लागते. शहरात अंगरख्याखाली दिसू नये आणि रानातही उपयोगी पडावे, असे एकच हत्यार घ्यावे असा त्यांचा मानस. आम्ही पडलो कारकून; अर्ज लिहिण्याला हात सरावलेला. तेव्हा परवान्याच्या अर्जाबरोबर निवडीचा प्रश्नही त्यांनी आमच्याच पुढ्यात ठेवला.

निवडीला वाव थोडा आहे. सैन्याच्या नि पोलिसांच्या मापाची, म्हणजे ९ मिलिमीटर वगैरे पिस्तुले सामान्य नागरिकाला वर्ज्य. त्यामुळे बहुतेकांची धाव सरकारी कारखान्यांतल्या.३२ बोअरपाशी थांबते. कानपूरला तयार होणारे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ साली निघाले. वजन सुमारे अर्धा किलो, गोळ्या सहा. पिस्तूल चपटे असल्याने अंगाशी अधिक बेमालूम बसते. पण एखादी गोळी फुसकी निघाली, तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढची गोळी समोर येते, पिस्तुलाला मात्र हाताने मोकळे करावे लागते. नवशिक्याला म्हणूनच रिव्हॉल्व्हर बरे म्हणतात. पण हत्यार जितके आखूड नि हलके, तितका त्याचा नेम धरणे कठीण आणि हाताला बसणारा झटका मोठा. शिवाय निलगिरीत समोर येतो तो गवा किंवा हत्ती; त्याच्यापुढे .३२ ची गोळी म्हणजे चिडविण्याचे साधन. १९७२ चा वन्यजीव कायदा जीव वाचविण्यापुरता वार क्षम्य मानतो, पण वार लागू पडेल याची हमी काही तो देत नाही. लपविता येते ते रानात कुचकामी, आणि रानात कामी येईल ते लपविता येत नाही! निम्मा अर्ज आमच्या मते येथेच निकालात निघाला. उरला तो शहराचा भाग.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात एक भेद आहे, तो आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. इतर अटी पुऱ्या होत असतील, तर वीस इंच वा अधिक लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असा त्याचा रोख आहे. पिस्तुलासारख्या हत्याराला मात्र तेवढ्याने भागत नाही. मागणाऱ्याजवळ सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. खांद्यावरची बंदूक साऱ्या गावाला दिसते. ती बाळगणाऱ्याला लोक ओळखतात, त्याच्याशी जपून बोलतात, हवे तर वाट बदलतात. झाकलेले शस्त्र समोरच्याला ही सवलत देत नाही. आपण ज्या सभेत बसलो आहोत तेथे एकाच्या हाती मृत्यू आहे, हे त्या एकाशिवाय कोणालाच ठाऊक नसते.

येथे कोणीही मराठी वाचक वाघनखांची आठवण देईल, आणि ती रास्तच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज गेले ते शस्त्र लपवूनच. पण कोणाला भेटावयाचे, त्याचा हेतू काय, हे त्यांनी पुरते जोखले होते. संकटाला नाव होते, दिवस होता, जागा होती. आमच्या स्नेह्यांच्या संकटाला यांतले काहीच नाही. ते कोणीही असू शकते. म्हणून मग प्रत्येकाकडेच त्या नजरेने पाहावे लागणार.

आणि ही नजर आमच्यासारख्या बदलीवाल्यांची! तमिळ आमच्या कानांना अजून अर्थाआधी नादच ऐकविते. चहाच्या टपरीवर दोघे जण चढ्या आवाजात बोलू लागले, की भांडण जुंपले असे आम्हांला वाटते. ते बहुधा क्रिकेटविषयी बोलत असतात. संरक्षणाचा हक्क भीती वाजवी असेल तरच टिकतो. ज्याला भोवतालची भाषा कळत नाही, त्याने आपली भीती वाजवी आहे हे एका निमिषात कशावरून ठरवावे? घरच्या मुलखात, जेथे शिव्यांमधला राग आणि शिव्यांमधला लोभ दोन्ही आपल्याला उमगतात, तेथे हा धोका थोडा तरी कमी असेल. परमुलखात तो दुप्पट.

भाषा कळूनही भागत नाही, हे या शहराने पाहिले आहे. १२ जानेवारी १९६७ रोजी एम. जी. रामचंद्रन यांच्या घरी त्यांच्यावर गोळी झाडली गेली, ती चित्रसृष्टीतले त्यांचे सहकारी नट एम. आर. राधा यांच्याकडून. दोघेही जखमी झाले, दोघेही जगले. पुढे मुख्यमंत्री झालेल्या रामचंद्रनांचा आवाज मात्र कायमचा बिघडला. न्यायालयाने राधांना दोषी ठरविले. परक्या वाटमाऱ्याचा तेथे संबंधच नव्हता. ओळखीची माणसे, एक खोली, वाढलेला शब्द आणि हाताशी असलेले रिव्हॉल्व्हर.

इतके सारे आम्ही स्नेह्यांना ऐकविले आणि त्यांना ते पटलेही. पटले नाही ते त्यांच्या पत्नीला. त्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत; पाळी संपवून रात्री साडेदहाला तिरुमंगलमला मेट्रोतून उतरतात आणि पुढे एकट्या चालत येतात. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही दोघे पुरुष बोलता ते खोटं नाही. पण अंधारात माझ्यामागून पावलं वाजतात, तेव्हा त्याची भाषा कळली काय नि न कळली काय?” ‘निर्भीक’ हे नाव डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेच्या आठवणीने ठेवले गेले, हे त्यांना ठाऊक होते, त्याची किंमत लाखाच्या वर, हेही. ज्यांच्या नावाने ते निघाले त्यांतल्या किती जणींना ते परवडते, असे आम्ही विचारू शकलो असतो. पण ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर झाले नसते, म्हणून विचारले नाही. स्नेह्यांनी अर्ज तूर्त बाजूला ठेवला आहे. ते डोंगरात असतात त्या दिवसांत, साडेदहाच्या सुमारास, आम्ही सपत्नीक स्थानकापर्यंत फेरी मारून येतो.