मास्तरांची भिंत

ग्लॉस्टर हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं मासेमारीचं जुनं बंदर. १९४४ साली तिथे काढलेल्या एका फोटोत समुद्र नाही, होडी नाही, कोळीही नाही. लाकडी फळीवर कुणाचा तरी कामाचा हातमोजा पडलाय, बस्स. वापरून वापरून बोटांचा आकार त्यात बसलेला.

फोटो आरन सिस्किंडचा. हा न्यूयॉर्कच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर. व्हायचं होतं कवी. मधुचंद्राच्या वेळी कॅमेरा भेट मिळाला आणि सगळंच फिसकटलं. फोटोग्राफीचं शिक्षण असं त्याने घेतलं नाही. शहरातल्या ‘फोटो लीग’ या मंडळात शिरला आणि तिथे ‘फीचर ग्रुप’ नावाचा गट त्याने उभा केला. एक विषय ठरवायचा, सगळ्यांनी त्याच वस्तीत हिंडायचं, मग प्रिंट समोर ठेवून चर्चा करायची. हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या जगण्यावरची ‘हार्लेम डॉक्युमेंट’ ही फोटोमालिका त्यातूनच आली. तिचं पुस्तक व्हायला मात्र १९८१ उजाडलं.

पुढे मास्तरांचं लक्ष माणसांवरून घरांच्या भिंतींकडे, लाकडी नक्षीकडे वळलं. फोटोने समाजाबद्दल काहीतरी बोललंच पाहिजे, असं मानणाऱ्या लीगमधल्या मंडळींना ते रुचलं नाही. सिस्किंड बाहेर पडला. गट उभा करणाऱ्याची आठवण आपण बहुधा त्या गटापाशीच संपवतो: हार, नारळ, तसबीर. मला त्याचं बाहेर पडणं जास्त मोलाचं वाटतं. पुन्हा पुन्हा त्याच जागी जायचं आणि आपल्याच प्रिंटची गय करायची नाही, ही गटातली सवय त्याने बरोबर नेली. विषय तेवढा मागे राहिला.

१९४९ साली अ‍ॅरिझोनातल्या जेरोम या उतरती कळा लागलेल्या खाणगावात त्याने रंगाचे पोपडे टिपले. कॅमेरा अगदी समोरासमोर. वर आकाश नाही, खाली जमीन नाही. पोपडा वीतभर आहे की पुरुषभर, काही अंदाज लागत नाही. शीर्षक काय, तर गावाचं नाव, एक आकडा आणि साल. आपल्याकडच्या प्रदर्शनात अशा फोटोखाली हमखास ‘काळाच्या जखमा’ लिहिलेलं सापडतं. बघणाऱ्याचं बोट धरायची ही हौस सिस्किंडला नव्हती.

अमूर्त चित्रं काढणाऱ्यांशी त्याची दोस्ती होती, म्हणून हे फोटो म्हणजे चित्रांची नक्कल, असं म्हणणं सोपं आहे. पटत नाही. चित्रकार काळा फराटा स्वतः ओढतो. याला तो कुठल्यातरी भिंतीवर सापडावा लागतो. चित्रकार मित्र फ्रान्झ क्लाइन १९६२ मध्ये गेला. त्याच्या आठवणीसाठी सिस्किंडने सत्तरच्या दशकात लिमा, रोम अशा शहरांतल्या भिंती टिपल्या. क्लाइनचे वाटावेत असे फराटे त्यांच्यावर कुणीतरी आधीच ओढून ठेवलेले. स्वतः सिस्किंड तेव्हा सत्तरीला टेकला होता.