वेढा आणि अधिकार

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणापासून औंढा नागनाथ फार दूर नाही, आणि त्या देवळात घडल्याची जी कथा वारकरी परंपरेने जपली आहे, ती नगरांच्या हद्दवाढीचा विचार करताना मला वारंवार आठवते. शिवलिंगावर पाय टेकून पहुडलेल्या विसोबा खेचरांना नामदेवांनी हटकले, तेव्हा देव नसेल तेथे पाय उचलून ठेवण्यास विसोबांनी त्यांना सांगितले. आणि नामदेव ते पाय जेथे जेथे नेत, तेथे तेथे पिंडी प्रकट होई.

चहूकडून आपल्या हद्दीने वेढलेले वा लगतचे एखादे मौजे नगर जेव्हा आपल्यात ओढून घेते, तेव्हा पाणी, सांडपाणी, रस्ते यांची व्यवस्था एकाच दप्तराखाली असावी हा त्याचा युक्तिवाद निर्बल नसतो. पुण्याभोवतीच्या गावकऱ्यांनीच समावेशासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. परंतु वेढले जाणे ही भूमितीतील स्थिती आहे, संमती नव्हे. आणि वेढणाऱ्याच्या मनात, वेढलेली जागा म्हणजे पाय ठेवावयास मोकळी असलेली, देव नसलेली जागा, असा भाव नकळत शिरतो, हेच मला खरे धर्मसंकट वाटते.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांची हकिकत पाहा. पुणे शहराची हद्द तेथे पोचण्याच्या कितीतरी आधी शहराचा कचरा तेथे पोचला होता; डेपोतून पाझरणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्याची गावकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षांची. २०१७ साली ही गावे महापालिकेत आली, आणि २०२४ साली त्यांना वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. ज्या शिवारात नगराने आपली घाण टाकली, त्या शिवारातील ग्रामदैवतासमोर नगराने हात जोडले होते काय, हा प्रश्न कोणत्याही सुनावणीत निघाल्याचे मला ठाऊक नाही, आणि तो निघावा असे मात्र मला मनापासून वाटते.

महानगरपालिका अधिनियम हद्द बदलण्यापूर्वी महापालिकेशी विचारविनिमयाची अट घालतो, हरकतींसाठी मसुदाही प्रसिद्ध होतो. परंतु जिचा सारा मुलूख जावयाचा, त्या ग्रामसभेची मंजुरी ही अट मात्र त्यात नाही. ती अट घातली, तर नगराला गावाच्या वेशीत शिरण्याआधी गावाशी बोलावे लागेल, कचऱ्याचा हिशेब द्यावा लागेल, आणि कदाचित नकारही ऐकावा लागेल.