जामीन राहणारा माणूस

मंडळीत नव्याने आलेल्या किंवा श्रद्धेत अडखळलेल्या माणसाशी धीराने वागावे, हे कुणीच नाकारत नाही. पण धीर म्हणजे काही न बोलता वाट पाहणे असा आपला समज असतो, आणि तो सोयीचाही असतो, कारण त्यात आपले काही जात नाही. बाप्तिस्म्याच्या वर्गाला येणे बंद केलेल्या तरुणाचा विषय निघतो, ‘देव त्याला योग्य वेळी आणील’ असे कुणीतरी म्हणते आणि पास्टोरेट कमिटी पुढच्या विषयाकडे वळते. त्या तरुणाच्या घरी कुणी जात नाही. याला मी धीर म्हणायला तयार नाही. दुसऱ्याच्या आत्मिक वाढीसाठी धीर धरणाऱ्याने स्वतःचे काहीतरी पणाला लावलेले असावे लागते.

आरंभीच्या मंडळीतल्या बर्णबाने ते लावले होते. मंडळीचा छळ करणारा शौल बदलला, हे यरुशलेमच्या शिष्यांना खरे वाटेना. तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्या वतीने तो बोलला. शौलाचे सोंग निघाले असते तर बर्णबाची पत गेली असती. पुढे अंत्युखियातली मंडळी वाढली, तेव्हा हाच बर्णबा तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर तिथे एकत्र शिकवले. उत्तेजन म्हणतात ते हे. पाठीवर थाप मारून तो परतला नाही. त्याने काम दिले आणि त्या कामात स्वतः शेजारी उभा राहिला. मार्कच्या बाबतीत तर हे अधिकच ठळक दिसते. पहिल्या प्रचारफेरीत पंफुल्यात मार्क या दोघांची सोबत सोडून यरुशलेमला परतला होता. दुसऱ्या फेरीच्या वेळी पौलाने, म्हणजे त्याच शौलाने, त्याला घ्यायला साफ नकार दिला. वाद इतका विकोपाला गेला की दोघे वेगळे झाले, आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. मार्क बर्णबाचा भाऊबंद होता. मग हा धीर की नात्याची ओढ? शिवाय भिडस्त माणसाची माया सत्याला नडते. अंत्युखियात यहुदीतर भावांबरोबर जेवायचे पेत्राने थांबवले, तेव्हा बर्णबाही त्यात ओढला गेला आणि पौलाला चारचौघांत पेत्राला सुनवावे लागले. तिथे पौलाचेच बरोबर होते, असे मला वाटते. पण त्या प्रसंगात बर्णबाने कुणा दुबळ्याला सांभाळले नव्हते, त्याने वजनदार माणसांची भीड धरली होती. धीर कुणासाठी धरायचा, याचे उत्तर या फरकात आहे. नात्याचे म्हणाल, तर शौल त्याचा कोण लागत होता?

आपल्याकडचा दाखला नारायण वामन टिळकांच्या घरातला आहे. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्या सोवळे घेऊनच: स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक स्वभावाने तापट. तरीही बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी जबरदस्ती केली नाही आणि तिचे सोवळे आपल्याच घरात राहू दिले. एका प्रचारकाची बायको सोवळ्यात राहते, हे लोकांच्या नजरेत भरणारच होते. लक्ष्मीबाईंचा जातिभेद गळून पडला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि बाप्तिस्माही त्यानंतर आला. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. त्याचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. सोवळ्यासह या बाईला घरात जागा मिळाली नसती, तर तो ग्रंथ कुणाच्या हातून झाला असता?

अर्थात, प्रत्येक मार्क परत येतो असे नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल मार्कला बोलावून घेतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे असे म्हणतो. त्याच्या आदल्याच वचनात देमास आपल्याला सोडून गेल्याचे दुःख आहे. देमासही एके काळी पौलाचा सहकारी होता. त्याच्यावर घालवलेला वेळ फुकट गेला, असा हिशेब पौलाने तिथे मांडलेला नाही. तो लगेच दुसऱ्या माणसाला बोलावतो, आणि तेही एकदा सोडून गेलेल्याला.