भिंतीवरचा तळहात

जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आसई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथं मराठे आणि इंग्रज यांच्यात घनघोर लढाई झाली. त्याच पंचक्रोशीतल्या एका गावचे दोन सख्खे भाऊ फौजेत होते. अग्निपथ योजना येण्याआधीची, जवानाला 15 वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळायची तेव्हाची ही गोष्ट.

थोरल्याला पीस स्टेशनवर, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठाण्यावर, फॅमिली क्वार्टर मिळालं, तेव्हा बायको हरखून गेली. पण पहिल्याच पावसात छत गळू लागलं. थोड्याच दिवसांत पलटण सीमेवर गेली. बायको आणि लहानगी लेक मागं राहिल्या. रात्री फोनवर ती सांगायची, "पोरीचं अंथरूण तिसऱ्यांदा हलवलं. आता कोरडी जागाच नाही." लेकीला खोकला जडला. तक्रार वहीत लिहिली गेली आणि वहीतच राहिली. पहाऱ्यावर थोरल्याची नजर समोरच्या डोंगरावर असे, जीव मात्र त्या छताखाली अडकलेला. 15 वर्षं भरली, पेन्शन बसली, तसा तो गावी आला. हत्यारं शिकवण्यात त्याचा हात धरणारा पलटणीत दुसरा हवालदार नव्हता. साहेबांनी थांबायची गळ घातली, पण घरातला निर्णय कधीच झाला होता.

धाकट्याचं वेगळं घडलं. तिन्ही सैन्यदलांसाठी सुमारे 2 लाख घरं बांधायचा मॅरीड अकोमोडेशन प्रोजेक्ट 2002 साली सुरू झाला होता. त्यातल्या एका इमारतीत त्याला घर मिळालं. इमारत नवी होती, तरी कुटुंब येण्याआधी सुभेदारसाहेब स्वतः पाहायला आले. त्यांनी नळ सोडले, मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि एकेका भिंतीवर तळहात टेकवत फिरले. मागच्या खोलीत हात थांबला. ओल होती. एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याच्या, माणसांना बोलावून वरच्या मजल्यावरचा पाइप नीट होईपर्यंत त्यांनी किल्ली दिली नाही.

"साहेब, एवढ्याशा ओलीसाठी तुम्ही कशाला?" धाकटा संकोचला.

"उद्या तू वर बर्फात असशील. तेव्हा ही ओल तुझ्या घरच्यांना एकट्यानं सोसावी लागेल, आणि तुझं ध्यान इकडं लागेल. मला तुझं ध्यान तिकडं हवंय."

धाकट्याचीही 15 वर्षं भरली. पेन्शनचा विषय घरात निघालाच नाही.

पुढं गावातली पोरं भरतीसाठी पहाटे 1600 मीटर धावू लागली. त्यातल्या एकाची आई थोरल्याच्या बायकोकडं आली. "पोराला फौजेत धाडू का गं?"

थोरलीला खोटं बोलवेना. "नोकरी इज्जतीची हाय, मावशी. पन माझ्या लेकीचा खोकला अजून गेला नाही."

त्या वर्षी पोरानं फॉर्म भरला नाही. दिवाळीला धाकट्याची बायको गावी आली. मावशीनं तिलाही तेच विचारलं.

"धाडा, मावशी. हे सीमेवर असले तरी आम्ही निवांत झोपतो. घराकडं बघणारी मानसं हायेत तिथं."

पुढच्या भरतीला पोरगा रांगेत होता.

तात्पर्य : जवान भरती होतो एकटा, पण फौजेत टिकतो तो घरच्यांच्या भरवशावर. त्याच्या बायकामुलांना कोरडं, धड घर देणं हे उपकार नव्हेत, देशाच्या संरक्षणाचंच काम आहे. भरतीच्या जाहिराती कितीही लावा, गाव विश्वास ठेवतं ते क्वार्टरमध्ये राहून आलेल्या बाईच्या शब्दावर.