तांबी आणि होकार

संततिनियमनाचा नुसता उच्चारही अश्लील समजला जाई, त्या काळात, १९२१ साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांतून अशी केंद्रे उघडली. संततिनियमन नीतीला धरून आहे की नाही, हा तेव्हाचा वाद होता. तो आता बहुतांशी मिटला आहे. आजचा प्रश्न निराळा आहे: निर्णय हिताचा असला, तरी तो घेतला कुणी?

हा प्रश्न दवाखान्यामुळे पुढे आला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यात होतात. वार पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा निदान ४८ तासांच्या आत, तांबी बसवता येते. '३८० ए' जातीची तांबी दहा वर्षे काम देते, आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. तरीही त्याच पाहणीत शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली दिसते, तांबी वापरणाऱ्या दोनच. पुरुष नसबंदीचे प्रमाण तर हजारी तीन. पाळणा लांबवण्याचे साधन हाताशी असताना आपण तो कायमचा थांबवतो, आणि तेही बाईच्याच शरीरावर.

तेव्हा दवाखान्याने बाळंतिणीला तांबीची सोय द्यावी, हे योग्यच आहे. एकदा घरी गेलेली बाई मूल, चूल आणि शेत यांतून पुन्हा केव्हा येईल, सांगवत नाही. मध्यंतरी दुसरे मूल राहिले, तर तिची प्रकृती ढासळते आणि अंगावरचे मूलही आबाळते.

परंतु कळा सोसणाऱ्या बाईने मान डोलावली, तर तिला होकार म्हणावे काय? त्या घटकेला ती कशालाही हो म्हणेल. विचारायचे ते आधीच्या तपासण्यांच्या वेळी, निवांतपणे. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, ओटीपोटात दुखू शकते, बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी कधी कधी आपोआप पडून जाते, हे सारे तिला कळले पाहिजे. त्यावर विचार करायला चार दिवसही मिळाले पाहिजेत.

आपल्या दुभाषी मुलखात आणखी एक अडचण आहे. सिस्टर कन्नड बोलते, बाईला मराठीच समजते. मग मध्ये सासू किंवा नवरा उभा राहतो. प्रश्न बाईला असतो, उत्तर सासू देते, आणि कागदावर अंगठा मात्र बाईचा उमटतो. भाषेचा प्रश्न आपण शाळा आणि पाट्या यांच्यासंबंधात नेहमी मांडतो. बाळंतिणीच्या खाटेपाशीही तो तितकाच खरा आहे. तिची भाषा जाणणारी एखादी परकी बाई तिथे असावी, एवढी मागणी फार नव्हे.

"अडाणी बाईला काय कळते? विचारत बसलो तर चौथे मूल होईल," असे म्हणणारे सुशिक्षित आजही भेटतात. त्यांनी आणीबाणी आठवावी. १९७६ मध्ये उद्दिष्टे गाठण्यासाठी नसबंदीची सक्ती झाली. तिने धसका असा बसवला की पुरुष नसबंदीचे नाव पुन्हा वर आले नाही. १९९६ मध्ये सरकारने उद्दिष्टांची पद्धत सोडली खरी. पण आकडा गाठण्याची घाई गेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांची नसबंदी झाली आणि १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले.

म्हणून चांगल्या दवाखान्याची परीक्षा किती तांब्या बसवल्या, यावर करू नये. सहा महिन्यांनी एखादी बाई येऊन "काढून द्या" म्हणाली, तर तिला काय उत्तर मिळते, ते पाहावे. "थोडे सोसा, सवय होईल" म्हणून तिला परत पाठवले, तर आधीचा होकारही तिचा राहत नाही. दुखण्यावर औषध सुचवावे, दुसरी साधने समजावून सांगावीत, आणि तरीही ती ठाम असेल, तर त्याच दिवशी तांबी काढून द्यावी. असा दवाखाना असेल, तर ती शेजारणीलाही तिकडेच पाठवील. साधनांचा प्रसार अशा विश्वासानेच टिकतो.