निर्लेपता आणि ओल

कर्मात राहूनही कर्माने न माखणाऱ्या माणसासाठी भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाचा दृष्टांत येतो. मराठी धर्मचिंतनात तो इतका रुळला आहे की निर्लेपता म्हणजे पाण्याचा थेंबही अंगाला न लागू देणे, हा अर्थ बहुधा न तपासताच स्वीकारला जातो. परंतु जे पाण्याला शिवतच नाही ते श्रेष्ठ, की जे पाण्याने भिजते आणि तरीही आपले रूप सोडत नाही ते श्रेष्ठ, हा प्रश्न त्या दृष्टांतापाशी थांबून विचारण्याजोगा आहे; आणि न्हाणीघरातील टाइलच्या मागे लावला जाणारा सिमेंट बोर्ड ही त्या प्रश्नाची कसून परीक्षा घेणारी वस्तू आहे.

लाकडी किंवा पोलादी चौकटीवर उभ्या केलेल्या हलक्या भिंतीला, तसेच लाकडी जमिनीला, टाइल थेट चिकटवता येत नाही; म्हणून मध्ये सिमेंटचा एक कडक, सपाट थर आधार म्हणून दिला जातो, त्यालाच सिमेंट बोर्ड म्हणतात. त्याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात: एकात सिमेंटमध्ये लाकडाच्या लगद्याचे सूक्ष्म तंतू मिसळलेले असतात, तर दुसऱ्यात सिमेंट आणि हलक्या खडीच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी काचतंतूंची जाळी असते. भिंतीवर तो गंज न धरणाऱ्या स्क्रूंनी घट्ट बसवतात. लाकडी जमिनीवर आधी टाइल चिकटवण्याच्या सिमेंटी मिश्रणाचा थर पसरून त्यावर तो ठेवतात आणि मग स्क्रू मारतात, कारण खाली पोकळी राहिली तर टाइल पावलाखाली लवते आणि फुटते. दोन बोर्डांमधील सांध्यात सिमेंटच्या क्षारतेला टिकणारी जाळीदार पट्टी बसवून त्यावर तेच मिश्रण भरतात. हे सगळे काम टाइल लागल्यावर कायमचे झाकले जाते. बोर्ड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साचली की सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. म्हणून जोरात फिरणाऱ्या कोरड्या पात्यापेक्षा खाच पाडून बोर्ड मोडणे हितकारक असते. ज्या भिंतीच्या निर्विकारतेचे कौतुक करायचे तिची धूळ कोणाच्या छातीत गेली, हा प्रश्न धर्मविचाराला परका मानता येणार नाही.

या बोर्डाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की तो जलरोधक असतो. तो जलरोधक नाही. टाइलच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, बोर्ड ओला होतो, आणि उन्हावाऱ्याने किंवा नुसत्या वेळाने पुन्हा सुकतो. या येण्याजाण्यात तो फुगत नाही, कुजत नाही, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. त्याच जागी प्लायवूड असेल तर ते फुगते आणि जिप्सम बोर्ड असेल तर त्याचा कागद सडून आतला गाभा मऊ पडतो. तेव्हा येथे टिकाऊपणा अस्पर्शातून आलेला नाही. स्पर्श झाल्यावरही विकार न होणे, असे त्याचे स्वरूप आहे. संस्कृत परिभाषेत ‘लेप’ म्हणजे बाहेरून लागणे आणि ‘विकार’ म्हणजे आतून बदलणे. निर्लेप आणि निर्विकार हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जात असले तरी ते दोन वेगळ्या अवस्था सांगतात, आणि हा भेद सिमेंट बोर्ड फार स्पष्टपणे दाखवतो.

हे सामर्थ्य कोठून येते, हे पाहिल्याशिवाय दृष्टांत पुरा होत नाही. सिमेंट वाळून घट्ट होते अशी समजूत आहे, पण ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगाने घट्ट होते. पाणी त्याच्या घडणीत कायमचे सामावते आणि म्हणूनच गवंडी ताज्या कामावर दिवसेंदिवस पाणी मारत राहतो. ज्या द्रव्याने घडवले तेच द्रव्य पुढे मोडू शकत नाही, असा सुंदर निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो, परंतु तो अपुरा आहे. जिप्समचे प्लास्टरही पाण्यानेच घट्ट होते आणि तरीही पाण्यात, अल्प प्रमाणात का होईना, विरघळते. सिमेंटमध्ये चुना आणि सिलिका यांच्यापासून पाण्याच्या साक्षीने जो बंध तयार होतो तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे खरे कारण आहे. दुःखातून गेलेला प्रत्येक माणूस दुःखाला पुरून उरत नाही, हा अनुभवही असाच आहे; त्या दुःखात आत कोणता बंध जुळला, यावर सारे अवलंबून असते.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे हा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे, कारण येथे पाणी ही वर्षाचे चार महिने घराच्या भिंतीशी चालणारी गोष्ट आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. येथे वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे या पावसापुढे दरवर्षी थोडी हरत आणि दरवर्षी सारवणाने, लिंपणाने पुन्हा उभी राहत. मातीची भिंत निर्लेप नसते आणि निर्विकारही नसते. ती विकार पावते आणि माणसाच्या हाताने नवी होते, आणि ही तिसरी रीत कमी प्रतीची ठरवण्याचे कारण दिसत नाही. आताच्या विटेच्या न्हाणीघरात टाइलला आधार देण्यासाठी वेगळा बोर्ड लागत नाही, कारण विटेवरचा सिमेंटचा गिलावा, ज्याला या भागातील मिस्त्री छपाई म्हणतात, तेच काम करतो. बोर्ड ही हलक्या पडदीसाठी किंवा लाकडी माडीसाठी कारखान्यात आधीच घडवून ठेवलेली छपाई आहे, असे म्हटले तरी चालेल.

याच मुलखात गीतेचे पद्मपत्रही पाहायला मिळते. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले मामा तलाव, यांपैकी कित्येकांत कमळे फुलतात. पानाच्या पृष्ठभागावर असलेले सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवरचे मेण यांमुळे पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो, धूळही सोबत नेतो. पण ही सारी किमया पृष्ठभागाची आहे. पाण्यात साबण मिसळला की थेंब पसरतो आणि पान भिजते. याच तलावाची मातीची पाळ मात्र वेगळ्या रीतीने उभी असते. तिच्यात पाणी मुरते, पायथ्याशी थोडे पाझरतेही, आणि मुरलेल्या पाण्याला वाट मिळत असेतोवर ती ढळत नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या अशा पाळी पिढ्यान्‌पिढ्या भिजलेल्या अवस्थेत तलाव धरून आहेत. एकाच तलावात दोन दृष्टांत शेजारी नांदतात, एक पाण्यावर तरंगणारा आणि दुसरा पाणी पोटात घेऊन उभा.

गीतेतही दुसरा दृष्टांत आहे, आणि तो कमळाच्या पानाच्या आधी येतो. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना समुद्राची उपमा दिली आहे: नद्या त्याच्यात शिरत राहतात, तो भरत राहतो, आणि तरी आपली मर्यादा सोडत नाही. येथे पाणी बाहेर अडवलेले नाही, आत घेतले आहे. विनोबा भावे यांनी १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली व्याख्याने याच श्लोकांवर दिली. बंदिवासातल्या श्रोत्यांसमोर हा विषय घेतला जावा, यात विशेष औचित्य वाटते, कारण तुरुंगात कोणालाही पद्मपत्र होता येत नाही, परिस्थिती अंगात मुरतेच. बौद्ध परंपरेतील महाराहुलोवाद सुत्तात बुद्ध राहुलाला पृथ्वीसारखी भावना करण्यास सांगतात, कारण तिच्यावर शुचि टाकले काय आणि अशुचि टाकले काय, ती किळसत नाही. ज्या जिल्ह्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला, तेथे ही शिकवण परकी नव्हे. समुद्र आणि पृथ्वी या दोन्ही उपमा स्वीकारातून येणाऱ्या स्थैर्याच्या आहेत, आणि सिमेंट बोर्ड, जो मुळात चुनखडी व माती भाजून केलेल्या पदार्थाचा आहे, त्यांच्याच कुळातला आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की बोर्ड जड आहे, त्याला ओल जाणवत नाही, मग त्याचे न बिघडणे हा गुण कसा मानावा. परंतु कमळाचे पान, समुद्र आणि पृथ्वी यांनाही इच्छा नाही. दृष्टांत वस्तूचे पुण्य सांगत नाही, तो स्थैर्याची रचना दाखवतो. आणि ही रचना निरपवाद नाही, हे बोर्ड प्रामाणिकपणे कबूल करतो. ओला झाल्यावर तो किंचित प्रसरण पावतो, सुकल्यावर किंचित आकसतो. म्हणून दोन बोर्डांमध्ये सुमारे ३ मिलिमीटरची फट ठेवावी लागते आणि जमीन जेथे भिंतीला भिडते तेथे त्याहून रुंद फट सोडून ती लवचीक द्रव्याने भरावी लागते. जो कारागीर बोर्ड एकमेकांना घट्ट भिडवतो त्याच्या टाइल सांध्यावर उचलतात. प्रयत्नशील ज्ञानी माणसाचीही इंद्रिये मनाला खेचून नेतात, असा इशारा त्याच दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या वर्णनातच दिलेला आहे. संपूर्ण निर्विकारतेचा दावा करणाऱ्या साधनेत या फटीला जागा उरत नाही, आणि अशी साधना सांध्यावरच मोडते.

राहिला प्रश्न पद्मपत्राचा, कारण समुद्राचा पक्ष घेतल्याने ते टाकाऊ ठरत नाही. बोर्ड पाण्याने बिघडत नाही, पण पाण्याला पलीकडे जाण्यापासून रोखतही नाही, आणि पलीकडे लाकडी चौकट किंवा शेजारची खोली असते. म्हणून जलरोधक थर द्यावाच लागतो: एकतर बोर्डाच्या मागे पॉलिथीनचा, नाहीतर बोर्डाच्या पुढच्या अंगावर, टाइल चिकटवण्याआधी, लेपाच्या रूपाने. दोन्हीकडे मात्र देऊ नये, हा या कामातला कळीचा नियम आहे. तसे केल्यास मध्ये शिरलेल्या ओलीला बाहेर पडण्याची वाट उरत नाही आणि ती दोन थरांत कोंडून राहते. ज्याने स्वतःला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून बंद करून घेतले आहे, अशा विरक्ताच्या ठिकाणी आधी शिरलेल्या दुःखाचे काय होते, हे विचारायला गीतेचा अभ्यासक सहसा धजत नाही. एकाच बाजूला पद्मपत्र असावे, दुसरी बाजू उघडी असावी, आणि मधला थर भिजूनही टिकणारा असावा, अशी ही मांडणी आहे. मोहाडीच्या एखाद्या न्हाणीघरात सकाळच्या वापरानंतर टाइलच्या सांध्यांवर दिसणारी काळपट ओल दुपारच्या उन्हात हळूहळू फिकट होत जाते, तेव्हा टाइलमागची छपाई घेतलेले पाणी हवेला परत देत असते.